पान हिरवे ठेवणारे संप्रेरक आधी तोडलेल्या पानावर तपासा

पंचगंगेचे पाणी 2019 आणि 2021 साली शिरोळ-करवीरच्या उसात तुंबले आणि ओसरल्यावर उभा ऊस खालच्या पानांपासून पिवळा पडत गेला, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. सायटोकायनिन हे संप्रेरक मुख्यत्वे मुळांच्या टोकांत तयार होऊन पानांकडे चढते; मुळे गुदमरली की हा पुरवठा आटतो, पानातील प्रथिने आणि हरितद्रव्य मोडू लागते. अशा वेळी सिक्स बीए, म्हणजे बेंझिल अॅडेनिन हे कृत्रिम सायटोकायनिन फवारण्याचा सल्ला मिळतो. मात्र पाण्याचा निचरा होऊन वापसा आल्याशिवाय आणि नवी पांढरी मुळे दिसल्याशिवाय फवारणीची घाई करू नये, कारण संप्रेरक हे मुळांची जागा घेत नाही.

मी एकदा भरवशाने आणलेल्या बाटलीचा काहीच परिणाम दिसला नाही, तेव्हापासून प्रत्येक बाटली आधी घरी तपासतो. कुंडीत गहू पेरून उन्हात वाढवावा आणि आठ-दहा दिवसांनी पहिल्या पानाच्या मधल्या भागाचे तीन सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. दोन ताटल्यांत टिपकागद अंथरून एकात साधे पाणी आणि दुसऱ्यात 10 पीपीएमचे द्रावण घालावे, तुकडे त्यावर ठेवावेत, वर झाकण घालून दोन्ही ताटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात, कारण तोडलेले पान अंधारात लवकर पिवळे पडते.

एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. बाटलीवर 2 टक्के लिहिले असेल, तर एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम असते. म्हणून अर्धा मिलिलिटर सुई काढलेल्या सिरिंजने मोजून एक लिटर पाण्यात मिसळावे. भुकटी असेल तर कोल्हापूरच्या गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) सराफाकडे असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो. ही भुकटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून पाण्यात ढवळत सोडावी, आणि साध्या पाण्याच्या ताटलीतही तेवढेच अल्कोहोल घालावे, नाहीतर तुलनेला अर्थ उरणार नाही.

चार-पाच दिवसांनी साध्या पाण्यातले तुकडे पिवळसर होतात. संप्रेरक खरे असेल, तर दुसरे हिरवे राहतात. 1955 साली कायनेटिन हे पहिले सायटोकायनिन सापडले आणि दोनच वर्षांत झँथियम या काटेरी फळांच्या तणाच्या तोडलेल्या पानांवर असाच परिणाम नोंदवला गेला. तिसऱ्या ताटलीत साध्या पाण्यावर एक पूर्ण पान ठेवून त्याच्या मध्यावर द्रावणाचा एकच थेंब टाकला, तर अधिक शिकायला मिळते: टोके पिवळी पडतात आणि थेंबापुरता हिरवा ठिपका टिकतो, कारण हे संप्रेरक पडल्या जागेवरून फारसे हलत नाही. म्हणूनच शेतातही पान सगळीकडे बारीक थेंबांनी भिजणे महत्त्वाचे ठरते, आणि पूर्ण पिवळे झालेले पान मात्र हिरवे होत नाही.

एका सायटोकायनिनच्या जागी दुसरे घेऊ नये: थायडायझुरॉन पान हिरवे ठेवते, पण कापसात वेचणीपूर्वी पाने गाळण्यासाठी तेच वापरतात. मात्रा त्या पिकासाठी लेबलवर दिलेलीच घ्यावी, सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे, आणि शेताच्या मधोमध चार सऱ्या तशाच सोडाव्यात. पंधरा दिवसांनी त्या सऱ्यांच्या आणि शेजारच्या उसाच्या एकाच उंचीवरच्या पानांची तुलना करावी.