फ्रिक्वेन्सीचा ग्राफ फारच छान आलाय? पवनचक्कीच्या मॉडेलमधल्या या चुका टाळा

एमटेकचा प्रोजेक्ट असो की नव्या इंजिनिअरने केलेली ग्रिड स्टडी, एक प्रकार हमखास दिसतो. ग्रिडच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये विंड 40 टक्के, सगळ्यात मोठं युनिट ट्रिप केलेलं (अचानक बंद पाडलेलं), आणि तरी फ्रिक्वेन्सी नेहमीच्या 50 वरून 49.9 हर्ट्झच्या खाली जायलाच तयार नाही. असा ग्राफ आला की खूश व्हायच्या आधी एक प्रश्न विचारा, हे जास्तीचे मेगावॅट आले कुठून?

बऱ्याचदा उत्तर साधं असतं. विंडचे 400 मेगावॅट टाकले, थर्मलचं आउटपुट तेवढंच कमी केलं, पण थर्मलची मशीन सगळी ऑनलाइनच ठेवली. इनर्शिया, म्हणजे फ्रिक्वेन्सीची घसरण मंदावणारा फिरत्या वस्तुमानाचा जडपणा, मशीनच्या रेटिंगवर असतो, आउटपुटवर नाही. 500 एमव्हीएचं, एच (साठलेली ऊर्जा भागिले एमव्हीए रेटिंग) 4 सेकंद असलेलं मशीन 450 मेगावॅट देवो नाहीतर 250, फिरत्या वस्तुमानात साठलेली ऊर्जा 2000 मेगावॅट-सेकंदच. म्हणजे थर्मलचा इनर्शिया कमी झालेला दाखवायचा तर युनिट बंदच करा. आणि बेस (ज्या एमव्हीएने भागलं तो आकडा) तपासा, हाच एच 100 एमव्हीएच्या सिस्टीम बेसवर 20 होतो, दोन्ही बेसची सरमिसळ झाली की इनर्शिया पाचपट चुकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गंमत म्हणजे पवनचक्कीचा स्वतःचा एच सिस्टीमच्या बेरजेत टाकणं. थेट इंडक्शन जनरेटरवाल्या जुन्या टाइप 1 मशीनला ते चालतं, साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर तशा छोट्या मशीन लागल्या होत्या. पण नंतरच्या टाइप 3 आणि टाइप 4 मशीनमध्ये कन्व्हर्टर (पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं सर्किट) मध्ये आला, पातं कितीही जड असलं तरी फ्रिक्वेन्सी पडल्याचं त्याला आपोआप कळतच नाही. कंट्रोलमध्ये मुद्दाम काही लिहिलं तरच ती ऊर्जा बाहेर येते.

मग लोक सिंथेटिक इनर्शियाचा ब्लॉक (फ्रिक्वेन्सी पडली की रोटरची ऊर्जा ग्रिडला देणारं कंट्रोल) जोडतात, आणि खरी गडबड इथे होते. ही ऊर्जा उसनी आहे, रोटरकडून घेतलेली, ती परत करावीच लागते. हिशोब बघा, एच 4 सेकंद, रेटिंगच्या 10 टक्के जादा पॉवर 10 सेकंद दिली तर साठ्याचा पाव भाग संपला, स्पीड 1 वरून साधारण 0.87 पर्यंत आला. स्पीड पडला की मशीन एमपीपीटीच्या (वाऱ्यातून जास्तीत जास्त पॉवर घेण्याच्या) बिंदूवरून सरकतं, वाऱ्यातून मिळणारी पॉवरही कमी होते, आणि रोटर परत वेगात आणायला ग्रिडला आधीपेक्षा कमी मेगावॅट मिळतात, म्हणून फ्रिक्वेन्सीला दुसरा खड्डा पडतो. तुमच्या ग्राफमध्ये दुसरा खड्डा अजिबातच नसेल तर रोटरचं समीकरण खरंच जोडलंय का ते आधी बघा. मंद वाऱ्यात हाल अजून वाईट, रोटर आधीच 0.7 वर फिरत असेल तर तेवढीच ऊर्जा काढल्यावर स्पीड 0.5 च्या आसपास, म्हणजे मशीन थांबायच्या बेताला. किमान स्पीडला सपोर्ट बंद करणारी अट टाकाच.

ड्रूपचंही तसंच, म्हणजे फ्रिक्वेन्सी किती टक्के बदलली की प्लांटने पूर्ण रेटिंगएवढी पॉवर बदलायची ते प्रमाण. सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या) ग्रिड जोडणी नियमांच्या 2019 च्या दुरुस्तीत 33 केव्ही आणि वर जोडलेल्या, 10 मेगावॅटपेक्षा मोठ्या विंड-सोलर प्लांटला 3 ते 6 टक्के ड्रूप आणि जास्तीत जास्त ±0.03 हर्ट्झ डेडबँड (जेवढ्या बदलाला प्रतिसाद द्यायचा नाही तो पट्टा) सांगितलाय, म्हणून लोक 5 टक्के टाकून मोकळे होतात. पण एमपीपीटीवर चालणाऱ्या प्लांटकडे वर जायला शिल्लकच नसते. आरईपीसी_ए (प्लांटचं कंट्रोल), आरईईसी_ए (कन्व्हर्टरचं इलेक्ट्रिकल कंट्रोल) वगैरे सॉफ्टवेअरमधल्या तयार जेनेरिक ब्लॉकला वारा किती आहे हे माहीतच नसतं, कमाल पॉवर 1 (पूर्ण रेटिंग) ठेवली आणि प्लांट 0.6 वर असला की फ्रिक्वेन्सी पडताच तो फुकट वर चढतो. कमाल पॉवर त्या क्षणी वाऱ्यातून मिळू शकणाऱ्या पॉवरवर ठेवा, नाहीतर डीलोड करून (मिळू शकते त्यापेक्षा कमी पॉवर घेऊन) राखीव ठेवलाय असं स्पष्ट दाखवा. आणि काहीच हलत नसेल तर घाबरू नका, बहुतेक फ्रिक्वेन्सीचा फ्लॅग (हे कंट्रोल चालू-बंद करणारं सेटिंग) 0 राहिलेला असतो.

आता प्रोटेक्शन, ज्याला कुणी हातच लावत नाही. 28 सप्टेंबर 2016 ला साऊथ ऑस्ट्रेलियात वादळाने 275 केव्हीच्या लाइन पाडल्या, दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज खाली गेलं. बऱ्याच पवनचक्क्यांच्या कंट्रोलमध्ये ठराविक वेळात किती डिप झेलायचे याची मर्यादा होती, ती ओलांडली आणि नऊ विंड फार्मनी मिळून 456 मेगावॅट कमी केले, ते सुद्धा सात सेकंदांच्या आत. तेवढा भार शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याला जोडणाऱ्या हेवूड इंटरकनेक्टरवर आला, तो ट्रिप झाला, मग फ्रिक्वेन्सी इतक्या वेगाने कोसळली की लोडशेडिंगच्या रिलेंना वेळच मिळाला नाही आणि अख्खं राज्य अंधारात. ग्रिड ऑपरेटरकडे असलेल्या मॉडेलमध्ये ती मर्यादा नव्हतीच, त्यामुळे हजार सिम्युलेशन करून सुद्धा ती सापडली नसती. वेंडरला फक्त एलव्हीआरटीचा कर्व्ह (किती खोल व्होल्टेज डिप किती वेळ झेलायचा ते) मागू नका, लागोपाठ फॉल्ट आले तर मशीन काय करतं ते लेखी विचारा, आणि एकच फॉल्ट देऊन स्टडी संपवू नका.

बाकी छोट्या गोष्टी. फ्रिक्वेन्सी बदलण्याचा दर काढताना फिल्टर नसेल तर फॉल्टच्या क्षणी भलताच काटा येतो आणि कंट्रोल उगाच उडी मारतो. कमकुवत ग्रिडमध्ये आरएमएस मॉडेल (वेव्हफॉर्मचे बारकावे सोडून केलेलं) वेडंवाकडं ऑसिलेट व्हायला लागलं तर गेन कमी करत बसू नका, ईएमटीमध्ये (पूर्ण वेव्हफॉर्मच्या सिम्युलेशनमध्ये) तोच केस चालवून बघा. आणि हे सगळं करायच्या आधी काहीही ट्रिप न करता 20 सेकंद रन द्या, रेषा सपाट राहिली पाहिजे. सरकली तर लोड फ्लोमधली (सुरुवातीच्या स्थिर हिशोबातली) पॉवर आणि मॉडेलमधला वारा किंवा पिच अँगल (पात्याचा कोन) जुळत नाहीये, तेवढं नीट करून मगच पुढचं.