टार सँडमध्ये काम करायचंय? मग आधी चिखल ओळखायला शिका

जिओलॉजी करून टार सँडकडे, म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल असलेल्या वाळूकडे, वळणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तेल किती आहे? कॅनडात अल्बर्टामध्ये तेल प्रचंड आहे, काढता येण्याजोगंच साधारण 160 अब्ज बॅरल धरतात. पण मी कोर, म्हणजे ड्रिल करून वर काढलेला खडकाचा दंडगोल नमुना, बघायला लागले तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की इथे खरा प्रश्न चिखलाचा आहे.

अल्बर्टातल्या अथाबास्का भागातली मॅकमरे फॉर्मेशन, म्हणजे तिथला तेलाचा मुख्य थर, ही क्रेटेशियसच्या पूर्वार्धात नद्यांनी आणि खाड्यांनी टाकलेली वाळू. त्यात तेल आलं, आणि इतक्या उथळ, थंड जागी बॅक्टेरियांनी त्यातला हलका भाग खाऊन टाकला, उरलं ते बिटुमेन, एपीआय (तेल किती हलकं ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं जड) 8 च्या आसपास, जमिनीखाली आहे त्या तापमानाला विहिरीकडे वाहत येणारच नाही असं.

साधारण 75 मीटरच्या आत असेल तर सरळ खाण. वाळू गरम पाण्यात घुसळायची, बिटुमेन हवेच्या बुडबुड्यांबरोबर फेस होऊन वर येतं. कार्ल क्लार्क यांनी 1920 च्या दशकात ही पद्धत बसवली, मोठा व्यापारी प्लांट 1967 ला सुरू झाला. वाळू लगेच खाली बसते पण बारीक चिकणमाती टेलिंगच्या, म्हणजे बिटुमेन काढून उरलेल्या गाळपाण्याच्या, तळ्यांमध्ये वर्षानुवर्षं तरंगत राहते, म्हणजे चिखल इथेही आलाच.

सुमारे 80 टक्के साठा मात्र खाणीच्या आवाक्याबाहेर खोल आहे, तिथे इंजिनिअर रॉजर बटलर यांची सॅगडी (SAGD) पद्धत. एकाखाली एक दोन आडव्या विहिरी, मध्ये साधारण 5 मीटर अंतर, वरचीतून वाफ सोडायची, पातळ झालेलं बिटुमेन आपल्या वजनाने खालचीत उतरतं. वाफ वर चढत राहिली तरच हे चालतं, आणि नदीच्या वळणावर साचलेल्या वाळूत चिखलाचे तिरके थर असतात, ते लांबवर सलग असले की वाफ तिथेच अडली.

आता नवख्यांनी नीट लक्ष द्यायची गोष्ट. गॅमा रे लॉगवर, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खडकाचा किरणोत्सार मोजलेल्या आलेखावर, सलग चिखल आणि वाळूत विखुरलेले चिखलाचे तुकडे, म्हणजे ब्रेशिया, जवळपास सारखेच दिसू शकतात. पण ब्रेशियातून वाफ जाऊ शकते, सलग थरातून जात नाही! फक्त लॉग बघून चांगला झोन सोडून देणं यामुळे सहज होतं, म्हणून लॉगशेजारी कोर ठेवून बघायची सवय पहिल्यापासून लावा, कोर नसेल तर इमेज लॉग, म्हणजे विहिरीच्या भिंतीचं चित्र, तरी मागा. कॅल्गरीत अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटरचं कोर रिसर्च सेंटर आहे, तिकडे संधी मिळाली तर नक्की जा. आणि पोरॉसिटीचे, म्हणजे वाळूच्या कणांमध्ये मोकळी जागा किती याचे, आकडे वापरताना कोर गोठवून ठेवला होता का ते विचारा, कारण वर काढल्यावर विरघळलेला गॅस सुटतो, कोर फुगतो आणि पोरॉसिटी आहे त्याहून जास्त दिसते.

वरचं झाकण, म्हणजे कॅपरॉक, विसरू नका. 2006 मध्ये अल्बर्टातल्या जोस्लिन क्रीकच्या सॅगडी प्रकल्पात वाफ थेट जमीन फोडून वर आली होती. कोर्स निवडताना सेडिमेंटॉलॉजी आणि क्ले मिनरॉलॉजी घ्याच, रिझर्व्हॉयर सिम्युलेशन, म्हणजे साठ्याचं कॉम्प्युटर मॉडेल, नोकरीत शिकता येतं.