ऑस्ट्रेलिया दौऱ्याची तयारी: यादी शेवटच्या कसोटीपासून करा

वनडे, टी-२० आणि कसोटी अशा तिन्ही प्रकारांचा दौरा असला की तयारीची यादी पहिल्या सामन्यापासून सुरू होते. माझं मत उलटं आहे. शेवटची कसोटी कुठे आहे आणि तिथे अकरा धडधाकट खेळाडू कसे उभे राहतील, हे आधी लिहा. मग मागे मागे या.

२०२०-२१ चा भारताचा दौरा आठवा. ॲडलेडला शमीचा हात मोडला, मेलबर्नला उमेश यादवची पोटरी दुखावली, सिडनीत जडेजाचा अंगठा आणि विहारीची मांडी गेली, बुमराच्या पोटाचा स्नायू ताणला, अश्विनची पाठ धरली. १५ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर शेवटच्या कसोटीत उतरलेल्या पाच गोलंदाजांकडे मिळून आधीच्या अवघ्या चार कसोटींचा अनुभव होता. तरीही वीसच्या वीस विकेट काढल्या. नटराजन मुळात नेट बोलर, म्हणजे फक्त सरावात चेंडू टाकणारा, म्हणून गेला होता, आणि टी-२० संपल्यावरही वॉशिंग्टन सुंदरला परत पाठवलं नव्हतं, म्हणूनच हे जमलं. त्यामुळे पहिली नोंद ही: परतीची तिकिटं काढताना पांढऱ्या चेंडूच्या, म्हणजे वनडे आणि टी-२० च्या, गोलंदाजांची घाई करू नका. थांबवलेल्या प्रत्येकाच्या बॅगेत पांढरे कपडे आणि पांढरे पॅड आहेत का, हे मुंबईतच उघडून पाहा. सुंदरसाठी पॅड ऐनवेळी तिथल्या दुकानातून आणावे लागले होते. तेच पॅड बांधून त्याने ६२ धावा केल्या आणि पालघरच्या शार्दूल ठाकूरबरोबर १२३ धावांची भागीदारी रचली.

मग लाल चेंडू, म्हणजे कसोटी. टी-२० मध्ये गोलंदाज चार षटकं टाकतो, कसोटीत दिवसाला वीस टाकायची वेळ येते. हा भार शरीरावर एकदम टाकला की स्नायू जाणारच. म्हणून वनडे चालू असतानाच कसोटीच्या गोलंदाजांचे लांब स्पेल नेटमध्ये सुरू झाले पाहिजेत, आणि कोणी किती चेंडू टाकले याची वही फिजिओकडे रोज भरली गेली पाहिजे. फलंदाजांनाही वेळ हवा. त्या दौऱ्यात ६ ते ८ डिसेंबरला टी-२० संघ एससीजीवर (सिडनी क्रिकेट ग्राउंड) खेळत होता, तेव्हाच रहाणे सिडनीतल्याच ड्रमॉइन ओव्हलवर सराव सामन्यात नाबाद ११७ करत होता. पुढे मेलबर्नला त्याने ११२ केल्या. वेळापत्रक ठरतानाच असा समांतर सराव सामना मागून घ्या. दिवस-रात्र कसोटी असेल तर संध्याकाळच्या प्रकाशात गुलाबी चेंडूचा सराव वेगळा धरा.

ऑस्ट्रेलियात वापरतात त्या कुकाबुरा चेंडूची शिवण आपल्याकडच्या एसजी चेंडूपेक्षा लवकर बसते. नवा चेंडू स्विंग होतो ती षटकं निघाली की उरतो तो उसळीचा प्रश्न. त्यासाठी साइडआर्मने (चेंडू वेगाने फेकायची लांब दांडी) थ्रोडाउन टाकणारे भरपूर हवेत. पर्थ, ॲडलेड आणि मेलबर्नला बाहेर तयार केलेली खेळपट्टी आणून बसवतात, सिडनी आणि ब्रिस्बेनला ती मैदानातच घडते. त्यामुळे एका शहरातला अंदाज दुसरीकडे नेऊ नये.

सामानाचं थोडक्यात. बुटांचे स्पाइक्स घासून माती पूर्ण काढा. ऑस्ट्रेलियाचं विमानतळ याबाबतीत अजिबात सूट देत नाही. घरचा मसाला, लोणचं, लाकडी वस्तू, सगळं फॉर्मवर लिहून द्या. २०१७ पासून बॅटची कड ४० मिलिमीटर आणि जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, तेव्हा नव्या बॅटा गेजमधून, म्हणजे मापाच्या साच्यातून, काढून घ्या. सनस्क्रीन प्रत्येकाला स्वतंत्र.

औषधांबाबत मात्र जास्तीत जास्त कडक राहा. खोकल्याच्या साध्या औषधातून टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं द्रव्य शरीरात गेलं आणि २०१९ मध्ये पृथ्वी शॉवर आठ महिन्यांची बंदी आली. एवढा गुणी मुलगा, इतक्या छोट्या बेसावधपणाने मैदानाबाहेर! आईने प्रेमाने दिलेली बाटलीसुद्धा संघाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बॅगेत जाता कामा नये. डोक्याला चेंडू लागला तर बदली कोण, हेही प्रत्येक सामन्याआधी ठरवा. कॅनबेराच्या टी-२० मध्ये जडेजाच्या जागी चहल आला आणि तीन विकेट घेऊन सामनावीर ठरला.

झोपेचा तक्ता शहरागणिक करा. आपल्यापेक्षा पर्थ अडीच तास पुढे, तर उन्हाळ्यातली सिडनी साडेपाच.

घरून वाईट बातमी आली तर खेळाडूजवळ कोण बसेल, परतीची सोय कोण करेल, याचं नाव लिहून ठेवा. सिराजचे वडील गेले तेव्हा संघ सिडनीत विलगीकरणात होता. त्याने थांबायचं ठरवलं, पण निर्णय त्याचा असला तरी त्याला एकटं न सोडणं ही संघाची जबाबदारी असते. आणि कर्णधार मध्येच परतणार असेल, तर पुढच्या कर्णधाराला पहिल्या दिवसापासून निवडीच्या प्रत्येक बैठकीत बसवा. कोहली ॲडलेडनंतर परतणार हे निघण्याआधीच ठरलं होतं, म्हणून रहाणेला तयारीला वेळ मिळाला.