वेळेआधी झालेलं बाळ घरी नेताय? या चुका टाळा

नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली, पण दाराबाहेरचा प्रश्न तोच, "सिस्टर, वजन किती झायं? सुट्टी कव्हय व्हई?" १८०० ग्रॅम झालं की निघायचं, हे डोक्यात पक्कं बसलंय. नुसतं वजन बघू नका हो!

चोपड्याकडचं एक बाळ होतं, ३१ आठवड्यांत झालेलं. ऐन जानेवारीत वजन १८२० भरलं आणि घरच्यांनी सही करून नेलं, गाडी दारात उभी, आजी टोपडं घेऊन तयार. निम्मं दूध अजून नळीने जात होतं आणि उबेच्या काचेच्या पेटीबाहेर एकच रात्र काढलेली, पण ऐकतंय कोण. चौथ्या दिवशी परत आणलं. तळपाय गार, अंगाचं तापमान ३५.२ अंश सेल्सिअस, वजन १६६०, रडायचीही ताकद नाही. आई म्हणे झोपूनच असायचं म्हणून उठवलं नाही. अहो, दमून पडलं होतं ते! चोखणं, गिळणं, श्वास घेणं यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या आसपास बसायला लागतो, आणि बसला तरी बाळ लवकर दमतं.

म्हणून मी आधी बघते ते हे, की सगळं दूध तोंडाने जातंय, अंगावर नाहीतर वाटी-चमच्याने, पेटीबाहेर नुसत्या कपड्यांत तापमान ३६.५ ते ३७.५ राहतंय, आणि वजन सलग तीन दिवस वाढतंय. मग दोन रात्री आईला बाळाजवळ ठेवते. पाजणं, लंगोट, छातीशी कांगारूसारखं धरणं सगळं तिनेच करायचं, मी हात लावत नाही.

श्वास थांबू नये म्हणून कॅफिन चालू असेल तर बंद केल्यावर ५ ते ७ दिवस बाळ नजरेखाली हवंच, औषधाचा असर लगेच उतरत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडचं बाळ असेल तर मी डॉक्टरांना अजून एक-दोन दिवस ठेवा म्हणते, रात्री घाट उतरून येणं सोपं नाही.

डोळ्यांची तपासणी तर सर्रास राहते. २००० ग्रॅमच्या आत किंवा ३४ आठवड्यांआधी झालेल्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत बघायलाच हवा, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. "डोळे तर चांगले उघडतंय" म्हणून टाळतात, पण पडद्याचा आजार बाहेरून दिसत नाही आणि वेळ गेली तर नजर जाते. मी तारीख कार्डावर लाल पेनाने लिहिते आणि बापाच्या मोबाईलमध्ये माझ्यासमोर अलार्म लावायला लावते.

कानांची तपासणी पण करून घ्या. घुटी नको, शेगडीची धुरी नको.