घरातलं इंग्रजी: वस्तू सोपी, क्रियापद अवघड

पंखा म्हणजे फॅन, दार म्हणजे डोअर, हे शाळेतच पाठ होतं. अडतं ते त्या वस्तूचं काय करायचं हे सांगताना. म्हणून नामांची यादी बाजूला ठेवा.

पहिली पायरी: वहीत एक मराठी क्रियापद लिहा. ‘लावणे’च घ्या. आपण दार लावतो, पंखा लावतो, गजर लावतो, भात लावतो. इंग्रजीत दार ‘शट’ किंवा ‘क्लोज’, पंखा ‘टर्न ऑन’, गजर ‘सेट’ आणि भातासाठी ‘पुट द राइस ऑन’. दिव्याला ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ मात्र अजिबात चालत नाही. तिथे ‘टर्न ऑन’, ‘टर्न ऑफ’. नळालाही तेच. मग ‘काढणे’ घ्या, ‘घालणे’ घ्या. ही दोन्ही ‘लावणे’पेक्षा छळतात.

दुसरी: जोडी अख्खी पाठ करा. ‘मेक द बेड’ म्हणजे सुतारकाम नव्हे, उठल्यावर चादर-पांघरूण नीट करणं. भांडी घासणं म्हणजे ‘डू द डिशेस’. ब्रिटनमध्ये ‘डू द वॉशिंग-अप’. अमेरिकन माणूस ‘वॉश अप’ म्हणाला, तर तो बहुधा हात-तोंड धुवायला निघालाय.

तिसरी: कुठलं इंग्रजी बोलायचं ते ठरवा. ब्रिटनमध्ये टॅप, टॉर्च, ओबर्जीन. अमेरिकेत फॉसेट, फ्लॅशलाइट, एगप्लांट. आपलं ‘ब्रिंजल’ पुण्या-मुंबईत खुशाल बोला, ते भारतीय इंग्रजीच आहे. जपायचं ते दोन्हीकडे असूनही अर्थ बदलणाऱ्या शब्दांना. वन बीएचकेतला आपला हॉल म्हणजे बैठकीची खोली. ब्रिटिश घरात हॉल म्हणजे दारातून आत शिरल्यावरची मोकळी जागा किंवा बोळ. ‘कॉट’ तिथे तान्ह्या बाळाची. आणि सिलिंडर संपला म्हणून अमेरिकेत ‘वुई आर आउट ऑफ गॅस’ म्हणालात, तर समोरचा गाडीतल्या पेट्रोलची चौकशी करेल. केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात शब्द कुठल्या देशातला, याची खूण दिलेली असते; ती बघायची सवय लावा.

अनेकवचनाचं थोडक्यात: ‘फर्निचर्स’ नाही, ‘फर्निचर’. कात्री एक असली तरी ‘सिझर्स’.

शेवटी, पोहे करताना मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि जे करताय ते इंग्रजीत बोलत राहा. कांदा चिरणं सुटेल, फोडणीपाशी अडाल. जिथे अडलात तेवढंच वहीत उतरवा.