घरेलू कामगार नोंदणी: फॉर्म नंतर, मोबाईल नंबर आधी

मराठवाड्यातून पुण्या-मुंबईत आलेल्या, धुणीभांडी-स्वयंपाक करणाऱ्या ताईंची राज्याच्या घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायला बसलं की बहुतेकदा ओटीपीलाच घोडं अडतं. आधारला नंबर नवऱ्याचा असतो आणि फोन घेऊन तो कामावर गेलेला असतो. पुढे पैसे जमा झाल्याचा मेसेजही त्यालाच जातो. म्हणून आधी ताईंच्या नावावर सिम घ्या; साधा फोनही चालतो.

आधारमध्ये नंबर बदलायला कागद लागत नाहीत, पण आधार केंद्रावरून बदलायचा तर ताईंना स्वतः जावं लागतं. भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेले असतात. मशीन अंगठा घेईना तर दुसरी बोटं, तरी नाही जमलं तर डोळे स्कॅन करायला सांगा. "उद्या या" ऐकून परतू नका, उद्याचा खाडा कोण भरून देणार?

खातं एकटीच्या नावावर हवं. जनधनमध्ये शिल्लक ठेवायची सक्ती नाही. आधारमधला नंबर बदलला म्हणून बँकेतला आपोआप बदलत नाही, तिथे वेगळा अर्ज द्या. त्याच वेळी 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' मागा, म्हणजे सरकारी मदत थेट याच खात्यात यावी म्हणून आधार त्याला जोडणं. नुसती केवायसी (ओळखीची तपासणी) पुरत नाही, आणि आधार गावाकडच्या बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं राहिलं तर मदत अडकते.

आता मंडळाचा फॉर्म. २००८ च्या कायद्यानुसार वय १८ ते ६० हवं. आधार, पासबुक, फोटो, वयाचा आणि राहण्याचा पुरावा घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जा. खरा खोळंबा होतो तो मालकाच्या प्रमाणपत्रासाठी. सही केली की काहीतरी अंगावर येईल असं घरमालकिणींना वाटतं. मजकूर तुम्हीच लिहून न्या: नाव, पत्ता, काय काम, कधीपासून. चार घरांपैकी जिथे सूर जुळलाय तिथे आधी विचारा. नूतनीकरणाची तारीख कार्डाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. नोंदणी जिवंत नसेल तर लाभ मिळत नाही.

ई-श्रम कार्ड वेगळं. ते केंद्र सरकारचं, असंघटित कामगारांसाठीचं, वय १६ ते ५९, नंबर १२ आकडी. ते असलं म्हणजे मंडळाची नोंदणी झाली असं नाही.

गावच्या रेशनकार्डावर शहरातही धान्य मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो. मात्र गावी सासूबाईंनी सगळं उचललं असेल तर इथे मशीन शून्य दाखवतं. महिन्याच्या सुरुवातीलाच फोन करून कुणी किती उचलायचं ते ठरवून घ्या.