क्लच बिघडला तर: दोष ओळखण्याची आणि दुरुस्तीचा रास्त दर ठरवण्याची पद्धत

क्लचचे पेडल एके दिवशी तळाला जाऊन बसते, गिअर पडेनासा होतो आणि गाडी गॅरेजमध्ये पोहोचताच निदान ऐकू येते, ‘क्लच गेला, पूर्ण सेट बदलावा लागेल.’ हे निदान कधी बरोबर असते, कधी अर्धवट बरोबर असते, तर कधी साफ चुकीचे. त्याचे कारण असे की ‘क्लच’ या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसलेली प्रत्यक्ष क्लच प्लेट आणि तिचा संच. दुसरी म्हणजे पायाचा दाब तिथपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा; ती काही गाड्यांत केबलची असते, पण इथे विचार ऑइलवर चालणाऱ्या यंत्रणेचा आहे. पहिल्या गोष्टीला हात लावायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुसरीची दुरुस्ती पुष्कळदा बाहेरूनच होते. म्हणून किंमत विचारण्याआधी या गाडीचा गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागणार आहे का, याचा निकाल लावून घ्यावा. पुढील सर्व पायऱ्या त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत.

रचना थोडक्यात समजून घ्या

पेडल दाबले की त्याचा दांडा मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ढकलतो, पिस्टन ऑइलला दाब देतो, ते ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरकडे जाते आणि स्लेव्ह रिलीज बेअरिंगला पुढे सरकवतो. बेअरिंगने प्रेशर प्लेटची स्प्रिंग दाबली की क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिनचा गिअरबॉक्सशी संबंध सुटतो. स्लेव्ह सिलिंडर दोन प्रकारचा असतो. काही गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टवर बसवलेला असतो आणि त्याचा दांडा एका फोर्कला (रिलीज बेअरिंग सरकवणाऱ्या तरफेला) ढकलतो. काही गाड्यांत तो कड्याच्या आकाराचा असून गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, आतच बसलेला असतो. आपल्या गाडीत कोणता आहे हे ओळखणे सोपे आहे: ऑइलची नळी बाहेर दिसणाऱ्या छोट्या सिलिंडरपाशी संपत असेल तर स्लेव्ह बाहेरचा, आणि ती थेट गिअरबॉक्सच्या कवचात शिरत असेल तर आतला. बाहेरचा स्लेव्ह बदलणे हे तासा-दोन तासांचे काम आहे, आतला बदलायचा तर जवळजवळ दिवस मोडतो.

पहिली पायरी: तक्रार नेमकी कोणती आहे ते ठरवा

क्लच दोन परस्परविरुद्ध प्रकारे बिघडतो. एक तर तो नीट पकडत नाही, नाही तर नीट सोडत नाही.

पकडत नसेल तर क्लच स्लिप होतो: इंजिनचे फेरे वाढतात, आवाज चढतो, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. हे तपासण्यासाठी सपाट, रिकाम्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर गाडी चालवत असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेऱ्यांचा काटा एकदम उसळी मारून वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट झिजलेली आहे किंवा तिच्यावर तेल आले आहे, असे बहुतेक वेळा समजावे, आणि मग गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. मात्र इथे एक अपवाद आहे, आणि तो क्वचितच कोणी तपासतो. पेडलच्या दांड्याला आवश्यक तेवढी ढील उरली नसेल, किंवा मास्टर सिलिंडरमधील ऑइल परतण्याचे बारीक छिद्र बुजले असेल, तर पाय काढल्यावरही यंत्रणेत दाब अडकून राहतो आणि क्लच अर्धवट दाबलेल्या स्थितीतच चालतो. अशा वेळी स्लिप होऊ लागली की गाडी थांबवून लगेच स्लेव्हचे निपल (हवा काढण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल करून पाहावे. ऑइल जोराने उडाले आणि त्यानंतर स्लिप होणे थांबले, तर दोष प्लेटचा नसून ऑइलच्या यंत्रणेचा आहे.

सोडत नसेल तर गिअर अडतो, घासल्याचा आवाज येतो आणि पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकताना गाडीला झटका बसतो. ही चाचणी रिव्हर्सवर करणे उत्तम, कारण अनेक गिअरबॉक्सांत रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचे वेग जुळवणारी यंत्रणा) नसतो आणि त्यामुळे दोष झाकला जात नाही. इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, सुमारे 10 सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. गिअर खरखरला तर पेडल चार-पाच वेळा भराभर दाबून पुन्हा प्रयत्न करावा. पंपिंग केल्यावर गिअर गुपचूप पडला, तर दोष बहुधा ऑइलच्या बाजूला आहे, कारण झिजलेली प्लेट किंवा मोडलेला फोर्क पंपिंगने सुधारत नाही.

आवाजाची तक्रार असेल तर निकाल लवकर लागतो. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. पेडल सोडलेले असताना येणारा आवाज दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. या दुसऱ्या दोषासाठी क्लच सेट बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

दुसरी पायरी: ऑइलची टाकी वाचायला शिका

क्लचची टाकी स्वतंत्र असेल, तर त्या टाकीतील पातळी प्लेटच्या झिजेमुळे कधीही कमी होत नाही. उलट प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटे मागे येतात, स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो आणि टाकीतील पातळी किंचित वाढते. त्यामुळे स्वतंत्र टाकीत ऑइल कमी झाले असेल तर कुठेतरी गळती आहेच, आणि ‘वरून थोडे घालून बघू’ हा उपाय नव्हे.

पुष्कळ गाड्यांत मात्र क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते आणि क्लचकडे जाणारी नळी त्या टाकीच्या बाजूला, जरा उंचावर जोडलेली असते. ही योजना मुद्दाम केलेली आहे: क्लचची नळी फुटली तरी ब्रेकसाठी ऑइल शिल्लक राहावे. पण तिचा एक परिणाम असा होतो की ब्रेक पॅड झिजून पातळी खाली गेली की सर्वांत आधी क्लचच्या नळीत हवा शिरते. गळती कुठेही नाही आणि तरी पेडल मऊ, अशा गाडीत पातळी भरून हवा काढली की क्लच पूर्ववत होतो. खरी दुरुस्ती ब्रेक पॅडची असते. अशा गाडीत पातळी किमान रेषेच्या खाली आढळली, तर आधी ब्रेकची तपासणी करावी आणि ती होईपर्यंत गाडी चालवू नये.

ऑइल कोणते घालायचे ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. डॉट 3 आणि डॉट 4 ही क्लचमध्येही वापरली जाणारी ब्रेक ऑइले ग्लायकोल प्रकारची असून ती हवेतील ओलावा शोषतात. डॉट 5 सिलिकॉनचे असते आणि ते यांच्यात मिसळू नये. काही गाड्यांना खनिज तेलच लागते. चुकून इंजिन ऑइल घातले गेले तर यंत्रणेतील रबर फुगते आणि नुकसान एका सिलिंडरपुरते राहत नाही. ब्रेक ऑइल रंग उडवते आणि डोळ्यांना घातक असते, म्हणून काम करताना सावध असावे.

तिसरी पायरी: गळतीचा माग काढा

तीन जागा तपासाव्यात. पहिली, पेडलच्या वर, जिथे दांडा मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो. तिथे बोट फिरवावे आणि गालिच्याखालीही पाहावे. दुसरी, बाहेरच्या स्लेव्हचे रबरी बूट. ते अलगद उचलल्यावर आत ऑइल दिसले तर सील गेलेले आहे. तिसरी, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या कवचाचा तळ. आतला स्लेव्ह गळत असेल तर थेंब इथेच जमतात. पण या जागी इंजिनच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधूनही तेल येऊ शकते. ब्रेक ऑइल पातळ, फिकट पिवळसर असते आणि पाण्याने धुतले जाते. इंजिन ऑइल काळसर व तेलकट राहते. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. गाडीखाली जाताना ती केवळ जॅकवर ठेवू नये, स्टँड लावावेत.

चौथी पायरी: मास्टर, स्लेव्ह की आतला भाग

बाहेर कुठेही ओल नाही, टाकी भरलेली आहे, आणि तरीही सतत दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते किंवा गिअरमध्ये उभी असलेली गाडी आपोआप पुढे सरकू लागते, अशा वेळी मास्टर सिलिंडरचे आतले सील ऑइल मागे सोडत असल्याची शक्यता मोठी आहे. खात्री करण्यासाठी स्लेव्हजवळची रबरी होज योग्य क्लॅम्पने दाबून बंद करावी. पेडल लगेच कडक व उंच झाले तर मास्टर ठीक आहे आणि दोष क्लॅम्पच्या पुढे आहे; तरीही खाली गेले तर मास्टर बदलावा. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीवर, तसेच तडे गेलेल्या जुन्या होजवर ही चाचणी करू नये. त्याच वेळी एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने होज फुगते का, ते पाहावे.

स्लेव्ह बाहेरचा असेल तर आणखी एक मोजमाप घ्यावे, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीतील हेच सर्वांत मोलाचे आहे. सहकाऱ्याने पेडल पूर्ण दाबावे आणि स्लेव्हचा दांडा किती मिलिमीटर सरकतो ते पट्टीने मोजावे. हा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशी ताडून पाहावा. दांडा पुरेसा सरकत असूनही गिअर अडत असेल, तर दोष आत आहे: फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट किंवा शाफ्टवर अडकलेली प्लेट. दांडा कमी सरकत असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याचे कारण अजून सिद्ध झालेले नाही. हे मोजमाप न घेता ‘पूर्ण सेट’ सुचवणाऱ्या मेकॅनिकला ते घ्यायला सांगण्यात संकोच बाळगू नये. पेडलचे बुश, क्लिप आणि ब्रॅकेटही एकदा हलवून पाहावे. काही मिलिमीटर तिथेच हरवलेले असू शकतात.

हवा काढून क्लच सुधारला, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. बंद यंत्रणेत हवा आपोआप शिरत नाही. यंत्रणा नुकतीच उघडलेली नसेल आणि पातळीही खाली गेलेली नसेल, तर हवा शिरण्याची वाट अजून उघडीच आहे.

पाचवी पायरी: दर ठरवा

एकूण रकमांची तुलना करण्यापेक्षा तासांची तुलना करावी. बिलाचे चार भाग वेगळे लिहून मागावेत: सुटे भाग, मजुरीचे तास आणि तासाचा दर, ऑइलसारखे किरकोळ सामान, आणि कर. साधारणपणे हवा काढण्यास अर्धा ते 1 तास, बाहेरच्या स्लेव्हला 1 ते 2 तास, मास्टरला 1 ते 3 तास लागतात; मास्टरच्या बाबतीत डॅशबोर्डखाली हात किती सहज पोहोचतो यावर हे अवलंबून असते. गिअरबॉक्स उतरवून करायच्या कामाला अनेक गाड्यांत 4 ते 8 तास लागतात आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत त्याहून जास्त. दोन गॅरेजांच्या दरांत मोठा फरक असेल, तर तो तासांत आहे, दरात आहे की सुट्या भागांत, हे या पद्धतीने लगेच दिसते.

सर्वाधिक फसगत होते ती मजुरी दुहेरी लावण्यात. समजा क्लच सेटसाठी 6 तास आणि आतल्या स्लेव्हसाठी 5 तास असे अंदाजपत्रक आले. बेरीज 11 होते, पण गिअरबॉक्स तर एकदाच उतरणार आहे. तो खाली असताना स्लेव्ह बदलण्याचे वाढीव काम फार तर अर्ध्या तासाचे. याच कारणाने क्लच सेट बदलताना आतला स्लेव्हही बदलून घ्यावा, आणि इंजिनचे मागचे सील ओले असेल तर तेही. उलट, आतला स्लेव्ह गळाला आणि प्लेट निम्म्याहून अधिक झिजलेली किंवा ऑइलने भिजलेली असेल, तर सेट बदलणे शहाणपणाचे; प्लेट कोरडी व जवळजवळ नवी असेल तर नकार द्यावा. बाहेरचा स्लेव्ह गळतो म्हणून क्लच सेट बदलण्याचा मात्र काहीही संबंध नाही.

फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्लच प्लेट ज्याच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चाकाच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. साधे फ्लायव्हील अनेकदा लेथवर साफ करून वापरता येते. दुहेरी वस्तुमानाचे (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचे) फ्लायव्हील बदलायला सांगितले, तर त्याची मोकळीक किती मोजली आणि कंपनीची मर्यादा किती, हे विचारावे. या भागाची किंमत कित्येकदा संपूर्ण क्लच सेटपेक्षा जास्त असते.

सुट्या भागांत लूक, साक्स, व्हॅलिओ, एक्सेडी, आयसिन यांसारखे उत्पादक गाड्यांच्या कंपन्यांनाही क्लच पुरवतात, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या खोक्यातील भाग घेतल्यास दर्जा न गमावता खर्च कमी होऊ शकतो. सिलिंडरमध्ये केवळ रबर किट घालणे स्वस्त पडते, पण आतल्या भिंतीवर ओरखडे किंवा गंज असेल तर नवे रबरही लवकरच कापले जाते. गॅरेजने भागांवर काही नफा घेणे गैर नाही, कारण भाग बिघडला तर पुन्हा मजुरी न घेता काम करण्याची जबाबदारी ते उचलते. आपण स्वतः भाग आणून दिला तर ती हमी सहसा मिळत नाही. निदानासाठी स्वतंत्र शुल्क मागितले तर तेही द्यावे, मात्र त्याबदल्यात कोणती चाचणी केली आणि काय आढळले, हे लेखी घ्यावे.

अंदाजपत्रकावर रकमेची वरची मर्यादा लिहून घ्यावी आणि ती ओलांडण्यापूर्वी फोन करण्याची अट घालावी. काढलेले भाग परत मागावेत. प्लेटचे रिव्हेट पृष्ठभागाला आले आहेत का, स्लेव्हचे सील फाटले आहे का, हे डोळ्यांनी दिसते. गाडी ताब्यात घेताना वर सांगितलेली रिव्हर्सची चाचणी इंजिन गरम असताना पुन्हा करावी, टाकीवर पातळीची खूण करून ठेवावी आणि आठवड्याभराने ती खूण पुन्हा पाहावी.